डास भिंतीवर बसतो, या भरवशावर

रक्त पिऊन झाल्यावर ॲनॉफिलीस डासाच्या मादीला धड उडवत नाही. पोटात जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं, कधी त्याहूनही जास्त रक्त भरलेलं असतं. अशा वेळी ती लांब जात नाही. अंथरुणापासून दोन-चार हातांवरची भिंत गाठते, डोकं खाली आणि शेपटाकडचा भाग वर अशी तिरकी टेकते, आणि बसल्या बसल्या रक्तातलं नको असलेलं पाणी थेंबाथेंबाने मागून टाकत राहते. जेवण जिरेपर्यंत, पुष्कळदा दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होईपर्यंत, तिचा मुक्काम तिथेच. सकाळी अंधाऱ्या माजघरात बॅटरी मारली तर काळसर भिंतीवर अशी टम्म फुगलेली, लालबुंद पोटाची मादी सहज सापडते. तोंडात रबरी नळी धरून काचेच्या नळीत ओढून घ्यायची, की झालं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हिवतापाविरुद्ध जगभर जी मोहीम उभी राहिली, ती या बसण्याच्या भरवशावर. औषध डासावर नव्हे, भिंतीवर मारायचं. डास आपल्या पायांनी चालत विषाकडे येणार होता.

हे सुचायला वेळ लागला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलीसच्या जठराच्या भिंतीवर परजीवीच्या गाठी दिसल्या, आणि हिवताप दलदलीच्या हवेतून नव्हे तर डासातून येतो याचा पुरावा हाती आला. पण डासाला गाठायचं कुठे, याचं त्या काळचं उत्तर एकच होतं: पाण्यात. अळ्या मारा, डबकी बुजवा, तेल ओता. मोठा झालेला डास उडून जातो, त्याच्या मागे कोण धावणार?

तरी त्याच्या वागण्याकडे लक्ष देणारे लोक अगदी सुरुवातीपासून होते. १९०१ मध्ये ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरने वऱ्हाडातल्या एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, वर्षभर ॲनॉफिलीसच्या सवयी न्याहाळून ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये लेख लिहिला. त्याच वर्षी त्याने एका नव्या जातीला हिवतापाचे अभ्यासक स्टीफन्स यांचं नाव दिलं: ॲनॉफिलीस स्टीफेन्साय. हा डास पुढे मुंबईच्या नशिबी आला. शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत हिवताप भडकला तेव्हा चार्ल्स बेंटली यांनी तपास केला, आणि १९११च्या अहवालात बोट दाखवलं ते वाड्यावाड्यांतल्या विहिरींकडे. स्टीफेन्सायला दलदल नको होती. त्याला स्वच्छ, सावलीतलं, माणसाने साठवलेलं पाणी हवं होतं. विहिरी बंद करा म्हटल्यावर घरमालक चिडले, आणि धर्माच्या कारणाने उघडं विहिरीचं पाणी लागणारेही चिडले. मुंबईतली लढाई तेव्हापासून आजतागायत झाकणांची आणि टाक्यांची राहिली आहे. भिंतीची गोष्ट खेड्यातली.

मोठ्या डासाला घरातच गाठावं, हे १९३०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत आणि दिल्लीच्या आसपास करून पाहिलं गेलं. गॉर्डन कॉव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायरेथ्रमचा, म्हणजे शेवंतीच्या जातीतल्या फुलांपासून काढलेल्या औषधाचा, फवारा घरांत मारला. डास पटापट पडले. पण पायरेथ्रम हवेत विरून जातं. त्या क्षणी घरात जे होते ते मेले, रात्री नवे आले. आठवड्याला एकदा तरी फवारा हवा. लाखो खेड्यांना हे कसं परवडायचं?

मग डीडीटी आलं. रसायन जुनंच होतं, १८७४ मध्ये एका प्रयोगशाळेत तयार होऊन विसरलं गेलेलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे पाउल म्युलर यांना १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण सापडला. १९४३-४४च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात उवांमुळे पसरणारा टायफस त्याने रोखला, आणि १९४८ मध्ये म्युलर यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. हिवतापवाल्यांना त्यातलं भावलं ते वेगळंच: ते मरत नाही, उडून जात नाही, पाण्यात विरघळत नाही. भिंतीवर एकदा बसलं की महिनोन्‌महिने बसून राहतं. आणि डासही तिथेच येऊन बसतो. असा योग जुळायला नशीब लागतं.

तो योग हिंदुस्थानातल्या खेड्यांत मोठ्या प्रमाणावर जुळवून पाहिला तो मुंबई इलाख्याने. १९४६च्या सुमारास कानडा आणि धारवाड या दोन जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरोघर डीडीटी मारायला घेतलं. कीटकशास्त्राची बाजू टी. रामचंद्र राव यांच्याकडे होती. दोघांचा पहिल्या वर्षाचा अहवाल १९४७ मध्ये छापून आला. कारवारकडून घाट चढून सुपे, हल्याळ, यल्लापूरकडे गेलं की हिवतापाचा मुलूख सुरू व्हायचा. ओढ्याकाठच्या पोफळीच्या बागा, सावली, वाहतं नितळ पाणी. माणसाला स्वर्ग वाटावा अशी जागा, आणि ॲनॉफिलीस फ्लुव्हिएटिलिसलाही. हा डास झऱ्याच्या कडेच्या संथ पाण्यात वाढतो, माणसाचं रक्त पसंत करतो आणि घरात विसावतो. अशा डासासाठी डीडीटी जणू मापाचंच शिवलेलं होतं. एकदोन वर्षांत घरांतून तो शोधूनही सापडेनासा झाला. रामचंद्र राव पुढे पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे संचालक झाले आणि भारतातल्या ॲनॉफिलीसवरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो.

फवारणीचा दिवस कसा असायचा ते सांगायला हवं, कारण पुढचं रामायण त्या दिवसातच दडलेलं आहे. आदल्या दिवशी दवंडी. सकाळी टोळी यायची: बादल्या, पिठासारखी पांढरी भुकटी, फडक्यातून गाळलेलं पाणी आणि पायाने दाबून धरायचा पंप. एकाने बादलीत पंप मारायचा, दुसऱ्याने लांब नळी धरून भिंतीपासून हात-दीड हात अंतर राखत वरून खाली, खालून वर पट्टे ओढत जायचं. चौरस मीटरला एक ग्रॅम डीडीटी, हा नेम. घरातली उतरंड, पाण्याचे हंडे, पिठाचा डबा, घोंगड्या, पाळणा सगळं अंगणात. म्हातारी माणसं देवघराच्या उंबऱ्यात आडवी: देव बाटतील, इथे नको. चुलीपाशी नको. भिंत वाळली की पांढरे ओघळ उमटायचे आणि दारावर गेरूने तारीख टाकली जायची. पुढे कितीतरी वर्षं या तारखा खेड्यातल्या घरांची ओळखच होऊन बसल्या होत्या.

लोक सुरुवातीला खूष होते, आणि त्याचं कारण हिवताप नव्हतं. ढेकूण मेले होते. बाजेच्या वेठणीत, भिंतीच्या भेगांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले ढेकूण एका फवाऱ्यात साफ झाले, आणि माणसं रात्री सलग झोपली. सरकारच्या कुठल्याही योजनेला इतकी रोख पावती क्वचितच मिळाली असेल.

आता हिशेब. जॉर्ज मॅकडोनाल्ड या इंग्रज डॉक्टरने १९५०च्या दशकात तो मांडला. हिवतापाच्या रोग्याला चावल्यावर डास लगेच रोग देऊ शकत नाही. परजीवीला त्याच्या पोटात गाठी धरून, फुटून, लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोहोचायला आपल्याकडच्या हवेत साधारण दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे रोग पसरवतो तो म्हातारा डास. समजा, एक दिवस पार करण्याची डासाची शक्यता शंभरात नव्वद आहे. मग शंभरातले पस्तीस दहा दिवस जगतात. आता तीच शक्यता सत्तरवर आणली, तर दहा दिवसांनी शंभरातले तीनसुद्धा उरत नाहीत. डास संपवावे लागत नाहीत. त्यांना म्हातारं होऊ दिलं नाही की पुरे. दर दोन-तीन दिवसांनी मादी रक्त पिते, दर वेळी भिंतीवर बसते, दर वेळी विषाची परीक्षा. कागदावर यापेक्षा सुंदर गणित सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात कमीच सापडेल.

या गणिताच्या जोरावर १९५३ मध्ये भारताने राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. १९५५ मध्ये मेक्सिकोत भरलेल्या जागतिक आरोग्य सभेने उच्चाटनाचा ठराव केला. १९५८ मध्ये आपल्याकडेही ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आलं. शब्द सगळे लष्करी: हल्ल्याचा टप्पा, मग दृढीकरण, मग देखभाल. दर पंधरवड्याला दारात येऊन, कुणाला ताप आहे का विचारून, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेणारा ‘मलेरियावाला’ याच काळातला. १९६१ मध्ये देशात हिवतापाचे नोंदलेले रोगी पन्नास हजारांच्या आत आले. साडेसात कोटींवरून पन्नास हजार! एवढं यश मिळाल्यावर माणसं भिंतीकडे बारकाईने बघायचं सोडून देतात, यात नवल नाही.

भिंतीकडे बघणारे थोडे होते, आणि त्यांना दिसत होतं ते फार आश्वासक नव्हतं. १९४७ मध्येच जे. एस. केनेडी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की डीडीटीवर टेकलेला डास मरण्याआधी बिथरतो. पाय पोळल्यासारखा उठतो, इकडे तिकडे आपटतो आणि उजेडाकडे झेपावतो. खोलीत उजेड म्हणजे खिडकी. मरणाइतका डोस पायाला लागायच्या आतच बाहेर पडला तर तो वाचतो. १९५२ मध्ये हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांनी पनामातून कळवलं की काही वर्षं फवारणी झालेल्या गावांतला ॲनॉफिलीस अल्बिमॅनस भिंतीवर पूर्वीसारखा बसेनासा झाला आहे. विष त्याला पचत नव्हतं. तो विषाजवळ थांबत नव्हता.

हा फरक मला सगळ्या गोष्टीतला सर्वांत रोचक वाटतो. विष पचवणारा डास आणि विष चुकवणारा डास, दोघंही जगतात. पण पहिला शरीराने बदललेला असतो, दुसरा वागण्याने. पहिल्याला ओळखायची साधी रीत आहे: डीडीटी लावलेल्या कागदाच्या नळकांड्यात तासभर कोंडायचं, दुसऱ्या दिवशी किती मेले ते मोजायचं. दुसऱ्याला नळकांड्यात कोंडलं तर तो बिचारा मरूनच जातो, आणि अहवालात लिहिलं जातं: डास औषधाला बळी पडतो, काळजी नसावी.

या दुसऱ्या प्रकारावर वादही कमी झाले नाहीत. काहींचं म्हणणं, डास बिथरून घराबाहेर पडतो हे डीडीटीचं अपयश नसून खरा गुणच आहे. घरात थांबला नाही म्हणजे झोपलेल्या माणसाला चावला नाही. त्यात तथ्य आहे. घरात झोपलेल्या माणसापुरतं.

पचवणारा डास मात्र लपून राहिला नाही. ग्रीसमध्ये १९५१ मध्ये डीडीटीला न जुमानणारा ॲनॉफिलीस सापडला. किंबहुना उच्चाटनाची घाई झाली ती यामुळेच: डास शिकायच्या आत परजीवी संपवा. आपल्याकडे वर्दी आली १९५९ मध्ये, पंचमहाल जिल्ह्यातून. गुजरात तेव्हा मुंबई राज्यातच होता. डास होता ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस: पाटाचं, खाचरांचं, नदीपात्रातल्या डोहांचं पाणी वापरणारा, अर्धाअधिक गोठ्यात राहणारा, आपल्या खेड्यांतला मुख्य वाहक. गुजरातेत पुढे प्रयोगासाठी मुद्दाम झोपड्या बांधून, फवारलेल्या खोलीत क्युलिसिफेसीस कसा वागतो हे रात्र रात्र पाहिलं गेलं. डीडीटीनंतर बीएचसी आलं, मग मॅलेथिऑन. १९७३ मध्ये मॅलेथिऑनलाही तो पुरून उरल्याची नोंद गुजरातेतूनच झाली. डासाला हा सराव नुसत्या घराच्या भिंतीवर मिळाला नव्हता. कपाशीवर तीच रसायनं पिंपांनी ओतली जात होती आणि शेतातल्या पाण्यात अळ्या वाढत होत्या.

दरम्यान माणसंही बदलली. ढेकूण आता डीडीटीने मरेनात. उलट फवारणीनंतर ते चवताळून बाहेर येतात, अशी तक्रार गावोगाव होऊ लागली. मग टोळीला दार कशासाठी उघडायचं? जिथे उघडलं गेलं तिथेही भिंतीवरचे पांढरे ओघळ कुणा गृहिणीला बघवणार? सण आला, लग्न निघालं की तिने पोतेरं घेतलं आणि शेणमातीचा नाहीतर चुन्याचा एक हात फिरवला. महिनोन्‌महिने टिकणारं औषध अर्ध्या तासात मातीआड. पुढाऱ्यांच्या भाषणात याला अडाणीपणा म्हणत. मला त्या बाईची बाजू कळते. घर तिचं होतं, भिंत तिची होती, आणि हिवताप तर गेलाच होता ना?

तो गेला नव्हता. श्रीलंकेत १९६३ मध्ये वर्षभरात फक्त १७ रोगी सापडले, फवारणी थांबली, आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांहून जास्त लोक तापाने फणफणले. भारतात १९७६ साली नोंदलेल्या रोग्यांचा आकडा चौसष्ट लाखांच्या वर गेला. कारणं अनेक होती: औषध वेळेवर न पोहोचणं, पैसा आटणं, यश मिळाल्यावर येणारी ढिलाई. १९७७च्या सुधारित योजनेने ‘निर्मूलन’ हा शब्द निमूट बाजूला ठेवला.

याच सुमारास नायजेरियात गार्की नावाच्या कोरड्या, सपाट भागात जागतिक आरोग्य संघटनेचा एक प्रयोग चालला होता. १९६९ ते १९७६ अशी सात वर्षं. डीडीटीऐवजी प्रोपॉक्सर, जोडीला गावाच्या गावांना हिवतापाची गोळी, आणि मॅकडोनाल्डच्या गणिताची सुधारित आवृत्ती. चावणारे डास फवारणीने खूप घटले. रोगाची साखळी तुटली नाही. तिथल्या ॲनॉफिलीस गॅम्बीमध्ये काही घरात विसावणारे होते, काही बाहेर. इटालियन शास्त्रज्ञ मारिओ कोलुझ्झी यांनी त्यांची गुणसूत्रं तपासली, तेव्हा घरात आणि बाहेर सापडलेल्या डासांत गुणसूत्रांच्या रचनेची प्रमाणं निराळी निघाली. म्हणजे कुठे बसायचं ही नुसती त्या रात्रीची लहर नव्हती. ते काही अंशी रक्तातच होतं. ज्यांच्या रक्तात भिंत होती ते भिंतीवर मेले. बाकीच्यांचं वंशसातत्य सुरू राहिलं.

‘डास शहाणा झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा हेच घडलेलं असतं. सॉलोमन बेटांवर डीडीटीनंतर घरात शिरणाऱ्या दोन जाती जवळजवळ नाहीशा झाल्या. तिसरी, ॲनॉफिलीस फॅरॉटी, पूर्वी रात्रभर चावायची. ती आता दिवेलागणीलाच, घराबाहेर, लोक अंगणात बसलेले असताना चावू लागली. भारतातही पुढे कळलं की आपण ज्याला एक डास समजत होतो तो एक नव्हताच. क्युलिसिफेसीस म्हणजे भिंगाखाली अगदी सारख्या दिसणाऱ्या पाच सख्ख्या जाती. त्यातली ‘बी’ मुख्यतः गाईगुरांवर जगते आणि रोग फारसा देत नाही. फ्लुव्हिएटिलिसमध्येही ‘एस’ माणसामागे लागणारी आणि ‘टी’ गोठ्यात रमणारी. १९४६ सालच्या कानड्यात रामचंद्र रावांच्या काचनळीत यातली कोण कोण आली असेल, हा विचार मनातून जात नाही.

इथवर गोष्ट डास आणि माणूस या दोघांची झाली. पण डासाच्या पोटात बसलेल्या तिसऱ्यालाही काही हवं असतं. मॅकडोनाल्डच्या गणितात रोगी डास आणि निरोगी डास सारखेच वागतात असं धरलेलं होतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत रॉसिन्योल, रिबेरो आणि स्पीलमन यांनी कोंबड्यांचा हिवताप झालेल्या डासांकडे पाहिलं. डासाच्या लाळेत रक्त गोठू न देणारं एक द्रव्य असतं. परजीवी लाळेच्या ग्रंथीत पोहोचल्यावर ते कमी पडतं. मग मादीला रक्तवाहिनी पटकन सापडत नाही; ती सोंड खुपसते, चाचपते, काढते, परत खुपसते. दर खुपसण्याबरोबर थोडी लाळ आत जाते, आणि लाळेतून परजीवी. पोट भरलं नाही म्हणून ती दुसऱ्या माणसाकडे वळते. टांझानियात याकोब केला आणि सहकाऱ्यांनी घरांत पकडलेल्या डासांच्या पोटातल्या रक्तावरून ते किती माणसांचं आहे हे तपासलं. एका रात्रीत एकाहून जास्त माणसांना चावलेल्या निरोगी डासांचं प्रमाण होतं शंभरात दहा. परजीवी असलेल्यांत बावीस.

याहून चमत्कारिक प्रयोग १९९९चा, तोही आपल्या मुंबईच्या स्टीफेन्सायवर, उंदरांचा हिवताप देऊन केलेला. परजीवी अजून जठराच्या गाठींत वाढत असतो तेव्हा डास बुजरा होतो. हाकललं की लवकर माघार घेतो. लाळेत पोहोचल्यावर तोच डास हट्टी होतो, हाकललं तरी परत येतो. चावायला गेलेला डास माणसाच्या हाताने मरण्याची भीती सर्वांत जास्त. परजीवी कच्चा असताना वाहन जपायचं, पिकल्यावर उधळायचं. एखाद्या मुरलेल्या बैलगाडीवाल्यालाही इतका हिशेब सुचू नये. पण जपून. लॉरेन केटर यांच्या गटाने २०१३ मध्ये स्टीफेन्सायच्याच अंगात मेलेले जीवाणू टोचले, परजीवी मुळीच नाही, तरी वागण्यातले बदल तसेच दिसले. म्हणजे हे परजीवीने रचलेलं कारस्थान की आजारी डासाचं आजारीपण, हे ठरायचं आहे. कारस्थान म्हणण्यात आपल्याला मजा येते, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

माणसाच्या बाजूनेही परजीवी काम करतो. केनियात २००५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात तीन-तीन मुलांना तीन तंबूंत झोपवून त्यांचा वास डासांपर्यंत पोहोचवला: एक निरोगी, एकाच्या रक्तात परजीवी पण पुढे पसरण्याच्या अवस्थेतला नाही, आणि तिसऱ्याच्या रक्तात डासाला लागण होईल अशा अवस्थेतला. तिसऱ्याकडे जवळपास दुप्पट डास गेले. औषध देऊन ती मुलं बरी झाल्यावर हे जादा आकर्षण नाहीसं झालं.

एकविसाव्या शतकात भिंतीची जागा बऱ्याच प्रमाणात मच्छरदाणीने घेतली. पायरेथ्रमचेच कृत्रिम वंशज जाळीच्या धाग्यात मुरवलेले. झोपलेला माणूस आमिष, जाळी हा सापळा. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे जे साठ-सासष्ट कोटी प्रसंग टळले, त्यातले दोन तृतीयांशांहून अधिक या मच्छरदाण्यांमुळे, असा हिशेब निघाला. हे यश थोडं नाही. पण भरवसा पुन्हा एका सवयीवरच होता: डास मध्यरात्री, घरात, झोपलेल्या माणसाला चावतो. मध्य आफ्रिकेतल्या बांगी शहरात दिवसाचे चोवीस तास डास मोजत बसलेल्या संशोधकांना २०२२ मध्ये सांगावं लागलं की तिथले वीस ते तीस टक्के चावे दिवसाउजेडी, घराच्या आत होतात. जाळी तेव्हा गुंडाळून खुंटीला असते.

आणि अचलपुरात नाव मिळालेला स्टीफेन्साय समुद्र ओलांडून गेला. २०१२ मध्ये तो आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबूतीत सापडला. त्या वर्षी जिबूतीत हिवतापाचे २७ रोगी होते. २०२०त ७३ हजारांच्या वर. इथिओपियात तो २०१६ मध्ये दिसला. आफ्रिकेचा हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा होता. टाक्यांत, पिंपांत, बांधकामावरच्या पाण्यात वाढणारा हा शहरी पाहुणा तिथल्या कार्यक्रमांच्या आराखड्यात नव्हता. तो बऱ्याच औषधांना दाद देत नाही, आणि घराच्या भिंतीपेक्षा जनावरांच्या आडोशाला आनंदाने बसतो. तिथले अधिकारी आता झाकणांचा आणि टाक्यांचा विचार करत आहेत. बेंटलींचा अहवाल कुणीतरी पुन्हा उघडला असेल.

डीडीटी भारतात शेतीसाठी १९८९ पासून बंद आहे. रोगनियंत्रणापुरती त्याला मुभा राहिली. महाराष्ट्रात हिवतापाचं मोठं ओझं गडचिरोलीवर. तिथल्या आतल्या पाड्यांवर फवारणीची टोळी पावसाळ्याच्या तोंडाशी आजही जाते. घर कुडाचं: बांबूच्या कामट्या विणून वरून माती लिंपलेली, माती निखळलेल्या ठिकाणी आरपार उजेड. नळीचं तोंड हात-दीड हात अंतरावर धरून पट्टे ओढले जातात, थोडं औषध कामट्यांवर बसतं, थोडं फटीतून पलीकडे जातं. दारावर तारीख पडते. मग भात फुटायला लागतो, रानडुकरं खाली उतरतात, आणि घरचा माणूस घोंगडी खांद्यावर टाकून राखणीला शेतातल्या मचाणावर झोपायला जातो. मचाणाला भिंत नसते.